घरपोच

"साऱ्या म्हसवडच्या लुगड्यांना पिना लावताय का, वन्सं?" असं मी फोनवर विचारलं, आणि पलीकडून काहीच आलं नाही.

वारा तेवढा ऐकू आला. माणदेशात आषाढात पावसापेक्षा वाराच फार. वन्संच्या अंगणातल्या पत्र्यावर तो घासत होता आणि त्याच्याआड कुठंतरी एक शेळी ओरडत होती. मी थांबून राहिले. मला उत्तर हवं होतं. खरं सांगायचं तर भांडण हवं होतं. घरात दोन वर्षं मोठ्यानं बोलायला कुणी नसलं की माणसाला भांडणाचीसुद्धा भूक लागते.

"पिना संपत्यात, वहिनी," एवढंच त्या म्हणाल्या.

"पंधरा पाकिटं?"

पुन्हा वारा.

"बरं," त्या म्हणाल्या. "बंद करायचं आसंल तर कर बाई."

आणि फोन ठेवला. रागानं आपटला नाही. भांड्यावर झाकण ठेवावं तसा हळूच ठेवला.

याला आता सहा वर्षं होऊन गेली. अंजिरावन्सं माझ्या धाकट्या नणंद, यांची एकुलती एक बहीण. मी फलटणात, त्या म्हसवडला. मधे मोगराळ्याचा घाट आणि दोन एसट्या. माझं माणूस जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, त्यांचं जाऊन वीस. माझी प्राची हैदराबादला, त्यांचा मुलगा गलाईच्या धंद्यात, तिकडं कोइमतूरला सोनं वितळवत बसलेला. दोघी आपापल्या घरात एकेकट्या, आणि एकमेकींना फोन म्हणाल तर दिवाळीला एक.

झालं होतं असं. मी बँकेत पासबुक भरून आणलं आणि घरी येऊन चष्मा लावून वाचत बसले, तर एका ओळीत चौदाशे नव्याण्णव रुपये गेलेले. पुढं त्या ऑनलाइन दुकानाचं नाव. मी तर त्या दुकानातून कधी सुईसुद्धा मागवली नव्हती. प्राचीला फोन लावला. ती म्हणाली, "आई, ती बाबांची मेंबरशिप. दर वर्षी आपोआप कापली जाते. मागच्या वर्षीपण गेले असणार." मागलं पान उलटून पाहिलं, तर खरंच गेले होते.

त्या वर्गणीचा यांना कोण अभिमान. हे हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक होते. पस्तीस वर्षं तुटक्या परीक्षानळ्या आणि अर्ध्या मेणबत्त्या जपलेलं माणूस. कुठलीही गोष्ट पुऱ्या किमतीत घेतली तर यांना रात्री झोप लागत नसे. त्या दुकानाचा नियम असा की, लहानसहान वस्तू मागवली तर घरी आणून द्यायचे चाळीस रुपये वेगळे. पण वर्षाची वर्गणी भरली की कितीही मागवा, घरपोच फुकट. यांनी चार महिने वाट पाहिली. वर्षातनं दोन दिवस ती वर्गणी अर्ध्यात मिळते हे कुणाकडून तरी काढलं आणि बरोब्बर त्या दिवशी भरली. वर आणखी शहाणपण असं की, त्याच खात्यात वन्संचा पत्ताही घातला. मुलानं देऊन ठेवलेल्या मोठ्या फोनवर वन्संना ते खातं उघडून दिलं, चित्रं बघून बोट कुठं दाबायचं ते शिकवलं, आणि मग सलूनपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगत सुटले, "एका वर्गणीत दोन घरं!"

पत्ता घालतानाही काटकसरच. आपलाच पत्ता उचलून त्यातलं फलटण खोडून म्हसवड घातलं. नाव आपलं तसंच राहिलं, फोन नंबरही आपलाच. वन्सं म्हणाल्या होत्या, "दादा, माझं नाव घाल की." तर म्हणाले, "राहू दे. तू अनोळखी फोन कुठं उचलतेस? फोन मला आला म्हणजे झालं."

प्राचीच्या सांगण्यावरून मी कपाटातला यांचा फोन काढला. तेराव्यानंतर बंद करून ठेवला होता तो. बँकेला तोच नंबर दिलेला, म्हणून प्राची त्यात तिकडून रिचार्ज तेवढं टाकत असे. चार्जिंगला लावला. बऱ्याच वेळानं तो उजळला आणि त्यावर यांनी काढलेला आमच्या जास्वंदीचा फोटो आला. मला वाटलं होतं रडू येईल. नाही आलं. प्राची माझ्या फोनवरून सांगत होती, मी यांच्या फोनवर बोट ठेवत होते. यादी उघडली.

दोन वर्षांत सदतीस वस्तू. सगळ्या म्हसवडच्या. सेफ्टी पिनांचं पाकीट. कंगवा. वेलदोडे, लहान पुडी. पिना. बुचाची बाटली. पिना. सुयांचं पान. पुन्हा पिना. एकही वस्तू शंभराच्या वर नाही. वस्तूंचे पैसे त्यांनी दारात रोख दिलेले, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण चाळीस-पन्नास रुपयांच्या पिनांसाठी माझ्या निवृत्तिवेतनातनं दर साली दीड हजार? माझ्या डोक्यात तिडीक गेली. कालच्याच तारखेला आणखी एक पाकीट निघालेलं होतं, वर्गणी कापली गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. प्राची म्हणाली, तेवढं एक मागवलं नसतं तर पूर्ण पैसे परत मिळाले असते. आता बाराशेच्या आसपास मिळतील.

त्या तिडिकीतच मी वन्संना फोन लावला होता.

त्यांनी तो ठेवला, तसं मी प्राचीला म्हटलं, करून टाक बंद. तिनं त्या दुकानाच्या मदतीच्या नंबरावर तिघांचा फोन जोडला. पलीकडली मुलगी फार गोड बोलत होती. तिनं मला विचारलं, "मॅडम, खातेदाराचं पूर्ण नाव सांगाल?"

माझा हात पिशवीकडं गेला.

आमच्या वेळेला नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसत. मी आयुष्यात ते तीनदाच घेतलं, लग्नात, डोहाळजेवणात आणि प्राचीच्या बारशाला, आणि तिन्ही वेळा उखाण्यात गुंडाळून. एरवी बँकेत, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात कुणी विचारलं की मी पिशवीतला कागद काढून पुढं करायची. हे गेल्यावर कागद आणखीनच वाढले, तेही सगळे बोटानं दाखवूनच निभावले. आता फोनवर बोट कसं दाखवणार?

"मॅडम?"

"मी सांगते," प्राची म्हणाली आणि तिनं सांगितलं. लेकीला मुभा असते.

त्या मुलीनं शेवटी विचारलं, खातं दुसऱ्या कुठल्या फोनवर उघडं असेल तर तिथूनही बंद करायचं का?  मी म्हटलं, करा. यांच्या फोनवर एक बटण आलं. ते मीच दाबलं.

त्यानंतर दोन दिवस मी घर आवरलं. डबे घासले, गाद्या उन्हात घातल्या. बाराशे रुपये वाचवले म्हणून जो आनंद व्हायला हवा होता, त्याची वाट पाहत होते म्हणा ना. तो काही आला नाही. आलं ते भलतंच. ओटा पुसता पुसता मला तेराव्याचा दिवस आठवला.

त्या दिवशी वन्सं निघताना उंबऱ्यात अडखळून उभ्या राहिल्या होत्या. हातात पिशवी, डोक्यावरचा पदर वाऱ्यानं मागं गेलेला. म्हणाल्या, "वहिनी, आता मला न्यायला कोण येणार गं?"

त्यांचं ते म्हणणं मला कळायला हवं होतं. सासरी गेलेल्या बाईनं आपल्या पायानं माहेरी यायचं नसतं, न्यायला माणूस यावं लागतं. मुराळी म्हणतात त्याला. हे दर पंचमीला जात. पांढरी टोपी घालून, राजगिऱ्याचे लाडू घेऊन, दोन एसट्या बदलून. मीही एकदा गेले होते बरोबर. वन्संच्या गल्लीत शिरलं की हे आपलं वय विसरत. बंद दारासमोर उभं राहून शाळेत हजेरी द्यावी तसं आपलंच नाव आडनावासकट मोठ्यांदा पुकारत. आतून काही हालचाल नसे. मग दुसऱ्यांदा पुकारत, तेव्हा कुठं आतून ओ येई. मी विचारलं होतं, पहिल्या हाकेला का येत नाहीत हो? तर म्हणाले, आईची शिकवण आहे. भूत एकदाच हाक मारतं, माणूस असला तर दुसऱ्यांदा मारतो. एका हाकेला ओ द्यायची नाही.

ओ दिल्यावर मग वन्सं हातात गूळपाणी घेऊनच दार उघडत. आणि फलटणला आल्या की पंचमीच्या फेरात पुढं होऊन गात. गळा मोठा गोड नव्हता, पण खरा होता.

*माणदेशाच्या वाटंला उडं फुफाटा लांबून*
*माझा मुराळी येतो गं, ऊन राहिलं थांबून*

पुढं यांचे गुडघे गेले, जाणं सुटलं. ती वर्गणी त्याच सालची. मला तेव्हा वाटलं होतं, माणूस स्वस्ताईच्या मागं लागलाय.

तर तेराव्याच्या त्या दिवशी वन्संनी मला न्यायला कोण येणार असं विचारलं आणि मी, तेरा दिवस माणसांचं रांधून थकलेली, म्हणून गेले, "एसटी आहे की दारात. कधीही या." मी आपलं चांगल्या मनानंच बोलले होते. पण त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, पदर डोक्यावर घेतला आणि गेल्या. त्यानंतर दोन पंचम्या आल्या. वन्सं काही आल्या नाहीत. मीही मनाशी म्हटलं, यायचं नसेल त्याला आपण काय करणार.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी जेवून नुकती लवंडले होते. घरात फोन वाजला. माझा नव्हे, हा सूर वेगळा होता, सनईचा.  यांचा फोन मी चार्जरवरून काढून ठेवला होता, बंद करायचा राहिला होता. कपाटात तो सनई वाजवत थरथरत होता. मी उचलला.

"हॅलो, सर्जेराव केंजळे?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? अहो, लागला की फोन!" कुणी बाप्या हसत म्हणाला. आवाज मोकळा होता, चाळिशीचा असावा. "दोन वर्षं फिरवतोय हा नंबर, कायम बंद. आज आपला सवयीनं लावला. पार्सल आहे साहेबांचं, म्हसवडचं."

"मी... त्यांच्या घरातून बोलते."

"बरं बरं. काही नाही ताई, पोचलोच मी दारात. मावशी असतात घरी. ठेवतो."

पण ठेवला नाही त्यानं. नुसता खिशात टाकला असावा. मला आधी कापड घासल्याचा आवाज आला, मग गाडीचं स्टँड लावल्याचा, आणि मग तोच पत्रा, तोच वारा. मी फोन कानाशीच ठेवला. का, ते सांगता येत नाही. त्या अंगणात मी तीन वर्षांत गेले नव्हते.

"सर्जेराव केंजळे!"

त्यानं ते नाव इतक्या खणखणीत पुकारलं की मी पलंगावर सरळ झाले. दोन वर्षांत ते नाव असं उघड्यावर, पुऱ्या गळ्यानं कुणी घेतलंच नव्हतं. जे घेतलं ते कै. लावून, हळू आवाजात, अर्जाच्या वर.

पलीकडं शांतता. मला वाटलं, वन्सं घरी नसतील. कुरियरवाला स्वतःशीच पुटपुटला, "एका हाकेत येतील तर शप्पथ." आणि मग त्यानं घसा साफ केला.

"सर्जेराव केंजळे! पार्सल!"

"आले रे दादा. आले, आले."

मी तो आवाज ओळखला नाही. खरंच सांगते, क्षणभर वाटलं घरात कुणी पोरसवदा सून आलीय. पिना संपत्यात म्हणणारी बाई ही नव्हेच. मग चपला फरफटल्या, कडी निघाली.

"ऊन लागलं आसंल. घे. आधी गूळ घे, मग पाणी."

"दर खेपेला कशाला हो मावशी?"

"घे म्हंते न्हवं." मग घोट घेतल्याचा आवाज. "फलटणावरनंच आलं न्हवं ह्ये?"

"नाही हो, भिवंडीला गोदाम आहे. तिथून येतं सगळं."

"पर वाटंला फलटण लागत आसंल की."

 भला माणूस होता. "लागतं की," म्हणाला.

"ती नावाची चिठ्ठी फाडू नगंस. अल्लाद काढ."

"माहितेय. ही घ्या. कितवी झाली?"

"मोजती कोण?" वन्सं म्हणाल्या. मग सुटे पैसे मोजून दिल्याचा आवाज आला. "आता ह्यो तुझा शेवटचा फेरा बरं का. वहिनीनं बंद केलंय. तिचं बी खरं हाय. एकल्या बाईनं किती पुरवायचं?"

"अरेरे. मग आता पिनांचं कसं करणार?" त्यानं चेष्टेनं विचारलं.

"पिना काय," त्या म्हणाल्या, "बाजारात ढिगानं मिळत्यात."

 तो निघाला असावा. गाडीला किक बसता बसता वन्संचा आवाज लांबून आला, "बेतानं जा रे." मग खिशात काही हललं, "अरेच्चा, चालूच की हा," असं तो म्हणाला आणि फोन कट झाला.

यांचा फोन हातात धरून मी किती वेळ बसले कोण जाणे. त्यावरची जास्वंद विझून गेली. भिंतीवर यांचा फोटो, त्याखाली पितळी पट्टीवर नाव कोरलेलं. मीच करून घेतली होती ती पट्टी. रोज पुसत होते. दोन वर्षं ते नाव मी फडक्यानं पुसलं आणि तिकडं ती बाई ते कानानं ऐकत होती. त्यासाठी तिनं सदतीस वेळा काहीबाही मागवलं. सगळ्यात स्वस्त काय, ते बघून मागवलं, म्हणजे होत्या तेवढ्या पैशांत जास्त हाका ऐकता येतील. आणि मी तिला लुगड्यांचा हिशेब विचारला.

संध्याकाळी प्राचीचा फोन आला. मी तिला सगळं सांगितलं, म्हणजे जमलं तेवढं. तिनं मला कुरियरवाल्याचं बोलणं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "आई, त्यात काय, परत भरू ना वर्गणी. दोन मिनिटांचं काम. आत्याच्या फोनवर परत उघडून देता येईल."

दोन मिनिटांचं काम होतं खरं. पण माझ्या डोळ्यांसमोर वन्सं पदर डोक्यावर घेऊन उंबऱ्यातून वळताना दिसत होत्या. मी तेव्हा एसटी दाखवली होती. आता कुरियरवाला दाखवायचा?

"राहू दे," मी म्हटलं. "मीच जाऊन येते."

"तू? घाटातून? एकटी?"

"एसटी आहे की दारात," मी म्हटलं. म्हटल्यावर जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. पंचमीला चार दिवस होते. बाजारात राजगिऱ्याचे लाडू घेतले आणि शेजारच्या बांगडीवाल्याकडून सेफ्टी पिनांचं एक पाकीट. दहा रुपयांना मिळालं. मोगराळ्याच्या घाटात खिडकीतून वारा तोंडावर येत होता, दहिवडीला गाडी बदलली, गोंदवल्याला अर्धी बस रिकामी झाली. पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसतं कुसळांचं रान आणि मधूनमधून मेंढरं. माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. मी वाटभर एक गोष्ट ओठातल्या ओठात घोळवत होते आणि ती ओठांच्या बाहेर येत नव्हती.

म्हसवडला उतरून पायी वन्संच्या गल्लीत शिरले तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. दार बंद. त्या पत्र्याखाली मी उभी राहिले. साधी कडी वाजवली असती तर वन्संनी दार उघडलंच असतं. वहिनी आली म्हणून चहा टाकला असता, मी सॉरी म्हटलं असतं, त्यांनी असू दे म्हटलं असतं आणि संध्याकाळच्या गाडीनं मी परत गेले असते. तेवढ्यासाठी मी आले नव्हते.

मी डोक्यावर पदर घेतला. का घेतला कोण जाणे, सवय. आणि नाव घेतलं.

"सर्जेराव केंजळे."

कसला आवाज तो. घशातल्या घशात, खरखरीत, अर्धा वाऱ्यानं नेलेला. पुढं उखाणा नाही, मागं हसणाऱ्या बायका नाहीत, नुसतं उघडं नाव. माझे कान तापले. पासष्टीच्या बाईला दुपारच्या उन्हात, रिकाम्या गल्लीत लाज वाटली. वाटलं, हे घरात असते तर काय म्हणाले असते. मग आठवलं, हे कुठल्याच घरात नाहीत.

आतून काही आलं नाही.

मी थांबले. आत कुणीतरी भांडं खाली ठेवल्याचं ऐकलं. मग काहीच नाही. दाराच्या पलीकडं वन्सं श्वास धरून उभ्या असणार, मला ते दिसल्यासारखं कळत होतं. त्यांनी काही मागवलेलं नव्हतं. त्यांच्याकडं कुणी यायचं नव्हतं. आणि आवाज बाईचा. कालच शेवटचा फेरा झाला होता आणि आज कुणीतरी हाक मारलीय, एकच. सासूबाईंची शिकवण त्यांना माझ्यापेक्षा आधी मिळालेली.

दुसरी हाक मारल्याशिवाय चालणार नव्हतं.

मी पिशवी खाली ठेवली. छाती भरून वारा घेतला. आणि इतक्या मोठ्यांदा ओरडले की समोरच्या घराची खिडकी उघडली.

"सर्जेराव केंजळे! मुक्काम फलटण!"

वारा पडला असं नाही. तो तसाच पत्र्यावर घासत होता. पण त्याच्यावरून, घराच्या अगदी आतून, हळू, न घाबरता आवाज आला.

"आले रे दादा."

चपला फरफटल्या. मधेच थांबल्या, भांड्यात पाणी ओतल्याचं ऐकू आलं, डब्याचं झाकण उघडलं, मिटलं. मग चपला पुन्हा. कडी निघाली.

वन्सं दारात उभ्या होत्या. वाळून निम्म्या झालेल्या. एका हातात तांब्या, दुसऱ्या तळहातावर गुळाचा खडा. त्यांनी मला पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून मागं, गल्लीच्या वळणापर्यंत पाहिलं. एकदाच. तिथं ऊन होतं.

मी पिनांचं पाकीट पुढं केलं. त्यातल्या पिना वाजत होत्या.

"न्यायला आलेय," मी म्हटलं.

वन्संनी पाकिटाकडं पाहिलं, हात लावला नाही. तळहात माझ्यापुढं धरला.

"आधी गूळ घे," त्या म्हणाल्या. "मग पाणी."